पायाकडची जाळी

“मिस्त्री, तेवढ्या दोन बादल्या भरून द्या की,” आई मला म्हणाली.

मी नळ सोडला, बादल्या भरल्या आणि तिच्या हाताशी नेऊन ठेवल्या. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आगाशे सर आणि त्यांच्या पत्नी कुमुदकाकू न्हाणीघराच्या दारात उभे होते. त्या दोघांच्या लेखी आम्ही एकमेकांना आजच पहिल्यांदा भेटत होतो. मी नळकाम करणारा भानुदास थोरवत आणि ती बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी हौसाक्का.

हे असं कधी ठरलं म्हणाल, तर ते ठरलं कधीच नव्हतं. कराडातल्या अर्ध्या पेठेला आईनं पायावर घेऊन न्हाऊ घातलेलं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली, आणि तीच पोरं मला ‘हौसाक्काचा’ म्हणून हाक मारायची. लहानपणी तेलाची बाटली धरून मी तिच्यामागं घरोघर जायचो आणि परसात बसून राहायचो. तेवढ्यानं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते आयटीआय करून आल्यावर. एका घरी मी दिवसभर खपून मोरीचा नळ बदलून दिला. जाताना त्या घरच्या बाईंना कळलं की हा हौसाक्काचा मुलगा. “अगं बाई, मग तू घरचाच की!” असं म्हणत त्यांनी मजुरीच्या जागी आपल्या मुलाचा जुना शर्ट माझ्या हातात ठेवला. मी तो घेतला, आणि घरी येऊन बंबात घातला. त्या दिवसापासून मी कुठल्याच गिऱ्हाइकाला आईचं नाव सांगितलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही. मोपेडवरून सकाळी मी तिला पेठेत सोडायचो ते पिठाच्या गिरणीपाशी. तिथून पुढं ती चालत जायची. गिरणी आली की तीच माझ्या खांद्यावर दोन बोटं मारायची आणि मी थांबायचो. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली, पण ती दोन बोटं मला अजून कळतात.

आगाशे सर हायस्कूलचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी मधुरा बाळंतपणासाठी मस्कतहून माहेरी आली होती. तिच्यासाठी सरांनी खालच्या खोलीला लागून नवं न्हाणीघर बांधलं आणि जावयानं मुंबईहून त्यात बसवायला शॉवर-ट्रे पाठवला. चार फूट लांब, तीन फूट रुंद, पांढराशुभ्र, चार बोटं उंच कडांचा. कराडात तोवर असली वस्तू मी तरी पाहिली नव्हती. आंघोळीचं पाणी त्या ट्रेमध्येच पडायचं आणि एका टोकाला असलेल्या भोकातून निघून जायचं. त्या भोकात जे बसवायचं ते वेस्ट कपलिंग, म्हणजे वर जाळी आणि खाली वास अडवणारा ट्रॅप, ते निवडायचं काम माझं. मी साताऱ्याहून सगळ्यांत देखणं आणलं. चकचकीत, नाजूक, पक्क्या जाळीचं. भोक मी मागच्या भिंतीकडं घेतलं, कारण बाहेरची पाइपलाइन त्याच भिंतीमागून जात होती. हातभर पाइपात काम झालं. ट्रे सिमेंटवर बसवला, फरशी लावली आणि सरांच्या समोर दहा मिनिटं शॉवर सोडून दाखवला. पाणी थेंबभर थांबलं नाही.

मंगळवार होता तो. मधुराला मुलगी झाली होती आणि शुक्रवारी दोघी दवाखान्यातून घरी यायच्या होत्या. त्याच दिवशी जिरंगे येणार होते. ते सरांचे जुने विद्यार्थी, आता बिल्डर. नदीकडच्या अंगाला त्यांची चोवीस फ्लॅटांची इमारत उभी राहत होती आणि सर म्हणाले होते, “मिस्त्री, हे न्हाणीघर त्याच्या पसंतीला उतरलं तर तिथलं सगळं नळकाम तुमचं.” सत्तावीस वर्षांच्या माणसाला याहून जास्त काय हवं! मी हवेत होतो. तेवढ्यात काकूंनी जागा बघून घ्यायला म्हणून न्हाऊ घालणाऱ्या बाईंना बोलावलं, आणि पदर खोचत आत आली ती आई.

“शॉवरनं पोर न्हात न्हाई, वैनी,” ती काकूंना म्हणाली. “बसून बघते जरा. मूठभर बेसन आन थोडं त्याल द्या. आन एक टावेल.”

तिनं ट्रेमध्ये पाट ठेवला. दारातून बाळ हातात घ्यायचं म्हणजे तोंड दाराकडं हवं, म्हणून पाठ भिंतीकडं करून बसली. नऊवारी गुडघ्यापर्यंत सारून पाय लांब केले. टॉवेलची गुंडाळी करून ती पायावर पालथी घातली, मानेखाली हात दिला, आणि तेल-बेसन लावून तांब्यानं भराभर पाणी घालायला लागली. टॉवेलच तो, पण त्याच्या नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून ती तळहाताची आड धरत होती.

पहिली बादली संपेतो ठीक चाललं होतं. दुसऱ्या बादलीला पाणी वर चढू लागलं. मला काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही. तिच्या लुगड्याचा मागचा घोळ पाण्यानं ओढला जाऊन बरोबर जाळीवर बसला होता, आणि जिथून थोडी वाट होती तिथं बेसनाचा राप धरला होता. पाणी पाटाच्या वर आलं. पाट त्या गुळगुळीत ट्रेवर एकदम सरकला. आईनं टॉवेल छातीशी घट्ट धरला आणि दुसरा हात भिंतीला टेकला.



“पानी तुंबतंय, मिस्त्री,” आई शांतपणे म्हणाली. “भोक माझ्या बुडाखाली आलंय. ते पायाकडं पायजे.”

“मिस्त्री, ह्या म्हणतात ते बरोबर आहे का?” सरांनी विचारलं.

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर होतं. पण ट्रे उचलायचा म्हणजे नवी फरशी फोडायची, सिमेंट उखडायचं, आणि तीन दिवसांवर शुक्रवार. जिरंगेंच्या कानावर पहिली गोष्ट जाणार ती माझी चूक. मी म्हणालो, “तसं काही नाही सर. बाईंनी जरा पुढं सरकून बसावं.”

जिनं मला जन्म दिला तिला मी चारचौघांत ‘बाई’ म्हणालो. वर सरकून बसा म्हणून सांगितलं.

आई पुढं सरकली. तिचे पाय दारापुढच्या कडेला टेकले आणि गुडघे वर आले. तशा पायांवर बाळ ठरणं शक्य नव्हतं, हे तिला कळत होतं आणि मलाही.

“बसंन की, वैनी,” ती काकूंना म्हणाली. “चाळीस दिसांचा तर परश्न. करंन कायतरी.”

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती उंबऱ्यावर बसून पायांच्या बोटांच्या बेचक्यात आंबेहळद भरत होती. रोज चार-चार घरच्या मोऱ्यांत बसून तिच्या पायांना बारमाही चिखल्या असायच्या. मी बराच वेळ कपडे बदलण्यात घालवला. शेवटी राहवेना.

“आये, तू त्यांच्यासमोर कशाला बोललीस? मला घरी सांगायचं होतंस.”

“तुला कुठं सांगितलं? मिस्त्रीला सांगितलं.”

“माझं काम जाईल ना त्यानं!”

तिनं हळदीची वाटी खाली ठेवली. “भान्या, पायावर पोर घेतलंयस कधी? त्याल-बेसनानं पाय असं बुळबुळीत हुत्यात. एक हात त्याच्या मानंखाली, दुसऱ्या हातात तांब्या. खालनं पाट हालला तर मी तिसरा हात कुठनं आणू? तीस वरसं झाली, एक पोर निसटलं न्हाई माझ्या हातनं. ह्ये निसटलं तर लोक तुझ्या जाळीचं नाव घेणार न्हाईत. हौसाक्काच्या हातनं पडलं म्हनतील.”

“मग तू नाही म्हण. दुसरी बाई बघतील ते.”

“आन तिच्या हातनं पडू दे?”

पानात वाढलेलं खाल्लं आणि आडवा झालो. झोप मात्र लागली नाही. नवल याचं वाटत होतं की आई कशी बसते, पाय कुठं करते, लुगड्याचा घोळ कुठं पडतो, हे सगळं मी हजार वेळा पाहिलं होतं. परसात बसून दुसरं केलं काय होतं मी? सगळ्या कराडात हा ट्रे नीट बसवू शकणारा एकच मिस्त्री होता, आणि त्यानंच ते विसरायचं ठरवलं होतं.

बुधवारी सकाळी मी सरांपुढं उभा राहिलो. “सर, माझी चूक झाली. त्या म्हणाल्या ते खरं आहे. ट्रे फिरवून परत बसवतो. फरशीचं माझ्याकडं लागलं.”

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “शुक्रवारपर्यंत होईल?”

“होईल.”

“मग उभे काय राहिलात?” ते म्हणाले. आयुष्यभर पोरांच्या चुका तपासलेला माणूस. एवढ्यावर त्यांचं भागलं.

ट्रे न तडकता निघाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग मी पुनमिया शेठच्या नळसामानाच्या दुकानात गेलो. या खेपेला चकाकी बघायची नाही असं ठरवूनच गेलो होतो. पिशवीत बेसनाची पुडी, तेलाची बाटली आणि आईच्या फाटक्या लुगड्याचा तुकडा घेतला होता. दुकानाच्या पायरीवर मी बादली मांडली आणि एकेका कपलिंगवर लुगड्याचा तुकडा टाकून वरून बेसन-तेलाचं पाणी ओतायला सुरुवात केली.

“काय मिस्त्री,” शेठ गल्ल्यावरून म्हणाले, “आज भजी तळायचा बेत दिसतोय.”

“शेठ, हसा पाहिजे तेवढं. पण असं दाखवा की ज्याला कापड चिकटणार नाही आणि घाण वरच्या वर काढता येईल.”

चार प्रकार नापास झाले. शेठचाही मग जीव गुंतला. शिडी लावून त्यांनी स्वतः वरच्या फळीवरून धुळीनं माखलेला एक खोका काढला. आतला नग दिसायला अगदीच ओबडधोबड होता. तोंड पहिल्याच्या दुप्पट मोठं. वरचं झाकण घुमटासारखं फुगीर, त्यामुळं कापड वर बसलं तरी कडेकडेनं पाणी जायला वाट राहायची. झाकण बोटानं उचललं की खाली एक वाटी. तीही उचलून बाहेर येत होती, म्हणजे अडकलेलं बेसन आणि केस उभ्या उभ्या धुऊन टाकता येणार, पाइपला हात लावायचं काम नाही. वाटी परत ठेवली की तिच्यात पाणी उभं राहायचं आणि गटाराचा वास अडायचा.

मी अख्खी बादली एकदम ओतली. पाणी गडगड करत गेलं.

“चार वर्षं पडून आहे ते,” शेठ म्हणाले. “दिसायला बरं नाही म्हणून कुणी नेत नाही.”

“माझ्याकडं खपेल,” मी म्हणालो.

ट्रे फिरवला की भोक दाराकडं आलं, म्हणजे बसणाऱ्याच्या पायाकडं. आता पाइप ट्रेच्या खालून सगळी लांबी पार करून मागच्या भिंतीपर्यंत न्यायचा होता. त्यासाठी ट्रेखाली विटांचा एक थर चढवून ओटा केला आणि पाइपला फुटाला पाव इंच ढाळ धरला. कपलिंगला वरून एक आणि खालून एक असे जाड रबरी वॉशर घातले, हातानं घट्ट होईल तेवढं पिळलं आणि पान्यानं फक्त थोडा शेवटचा आवळ दिला. असल्या ट्रेला जास्त जोर दाखवला की तो तडकतो. ओट्याच्या बाजूला एक फरशी सुटी ठेवली, उद्या काही झालं तर आत हात जावा म्हणून. शेवटी भोकात बोळा कोंबून ट्रे काठोकाठ भरला, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीची रेघ मारली आणि ओट्यात वर्तमानपत्राचा कागद सरकवून घरी गेलो. शुक्रवारी सकाळी पाणी रेघेवर होतं आणि कागद कोरडा.

आज माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत. नवं काम घेताना ती गिऱ्हाइकाला विचारतात, टाइल कुठली, नळ कुठल्या कंपनीचे. मी आधी विचारतो, इथं कोण बसणार? लोक हसतात. हसू देत.

शुक्रवारी दुपारी मधुरा बाळाला घेऊन आली. तिची आंघोळ आटोपली आणि मग काकूंनी बाळ न्हाणीघराच्या दारातून आईच्या हातात दिलं. बाहेरच्या खोलीत सर, जिरंगे आणि मी. दार अर्धं उघडं होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, बाळाचं रडणं येत होतं आणि मधूनमधून आईचं ‘झालं गं माझी राणी, झालं’ येत होतं. मी पाणी ओतल्याचा आवाज ऐकत होतो आणि मग त्या मागोमाग येणारी गडगड. एक बादली गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. बाळ रडायचं थांबलं.

“पानी जातंय, मिस्त्री,” आतून आवाज आला. “पाट जाग्याव हाय.”

आधी आत जाऊन ट्रेवर मान वाकवून आलेले जिरंगे मोठ्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, “भोक दाराकडं का घेतलं? लाइन तर मागं आहे. पाइप वाढला, काम वाढलं.”

“मागं घेतलं की बसणाऱ्याचं लुगडं जाळीवर येतं, साहेब. आणि ही जाळी उचलून धुता येते.”

“हे कुणी सांगितलं तुम्हाला? आमच्या इंजिनियरला नसतं सुचलं.”

मी ते सात-आठ वर्षं टाळत आलो होतो. त्या क्षणी मात्र मला टाळता येईना. खोटं नाव सांगायला तोंडच उघडेना.

“माझ्या आईनं,” मी म्हणालो. “आत बसलीय ती.”

सरांनी हातातला पेपर खाली ठेवला. तेवढ्यात मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आई बाहेर आली. चेहरा घामानं आणि वाफेनं लाल झालेला. काकू तिच्या मागोमाग. त्यांनी ऐकलं होतं.

“हौसाक्का, अहो, हे मिस्त्री तुमचा मुलगा?”

आईनं बाळ काकूंच्या हातात दिलं. पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही, दाराशी काढलेल्या जिरंगेंच्या पॉलिश केलेल्या बुटांकडं मात्र पाहिलं. मग हसली.

“छ्या वो! मिस्त्री गंमत करत्यात. माझ्या पोटचा असता तर पयल्याच दिशी नीट बसवलं नसतं व्हय?”

सगळे खो खो हसले. जिरंगेसुद्धा मिशीत हसले. आणि मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

“सोमवारी साइटवर या,” जिरंगे जाताना म्हणाले.

संध्याकाळी मी तिला विचारलं, “आये, मी स्वतः सांगत होतो. तू कशाला नाही म्हणालीस?”

“मला वाटलं, तुझ्या तोंडातनं निसटलं,” ती भाकरी थापता थापता म्हणाली. “चोवीस फ्लॅट हायेत म्हनं. माझ्यापायी जायला नकोत.”

“निसटलं नव्हतं.”

ती थांबली. काटवटीतली भाकरी तशीच राहिली. “न्हाई?”

“नाही.”

तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं.

शनिवारी सकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. पिठाची गिरणी आली. खांद्यावर दोन बोटं टेकली. मी थांबलो नाही. दोन बोटं परत टेकली, या खेपेला जोरात.

“अरं, गिरण आली!”

“दिसली मला,” मी म्हणालो.

मोपेड मी आगाशे सरांच्या फाटकाशी नेऊन उभी केली. सर झाडांना पाणी घालत होते. काकू दारात रांगोळीचा डबा घेऊन बसल्या होत्या. दोघांनी मान वर केली. शेजारच्या गॅलरीतूनही कुणीतरी पाहत होतं, आणि पाहत होतं ते बरंच होतं.

“आये, बेतानं उतर,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “पायाला चिखल्या आहेत तुझ्या.”

आई उतरली. पदर सारखा केला, मग परत एकदा केला. सरांच्या हातातली झारी तशीच एका कुंडीवर धरलेली होती आणि कुंडी भरून वाहत होती. काकू रांगोळी तशीच टाकून उठल्या आणि हसत पुढं आल्या.

“काल उगीच फसवलंत होय आम्हाला, हौसाक्का?” त्या म्हणाल्या. “चला आत, आधी चहा घ्या. तुम्हीही या मिस्त्री.”

आईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता, पेठेतल्या चार घरांना वेळेवर पोचणाऱ्या बाईचा.

“तो च्या घेत बसला तर त्याला उशीर हुईल, वैनी. कामावं जायचंय त्याला.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “अकराला न्यायला ये रं. आन गिरणीपाशी थांबू नगंस. हितंच ये, दारात.”